मदत हवी आहे: वरच्या खोलीतला पसारा कसा आवरू?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा हाताला लागेल ते वरच्या खोलीत चढवलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्यातलं बरंच अजून तिथेच आहे: पितळी घंगाळ, गाद्या, सासऱ्यांच्या कागदांची ट्रंक. कागदांच्या कडा तपकिरी झाल्यात, काही पानं एकमेकांना चिकटलीत.

मला खोली चकाचक नकोय. दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालता यावं आणि पुन्हा पूर आला तर आधी काय उचलायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असावं, एवढंच. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. पाणी चाळिशीकडे निघालं की शोधाशोध करायला वेळ नसतो.

सध्या रोज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एकच पिशवी उपसते. कपडे, भांडी पटापट मार्गी लागतात. अडतं ते कागदांशी. खरेदीखत, वाटणीपत्र प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवलंय. पण जुनी वीजबिलं, हस्तलिखित सातबारे, फेरफार? सातबारा आता ऑनलाइन मिळतो, तरी जुन्या नोंदींचे उतारे टाकायला धजावत नाही. सासूबाई म्हणतात, "असू दे, लागेल." त्यांचं मन मला मोडायचं नाही.

चिकटलेली पानं न फाटता कशी सोडवायची? आणि ज्यांच्या घरी वडीलधारी आहेत, त्यांनी टाकायचं-ठेवायचं कसं ठरवलं? कृपया सविस्तर सांगा.