विषय: पुन: पुन: ग्रंथसूचीचा सर्व्हर फुगतोय (शनिवारच्या आत हवं)

प्रेषक: संकेतस्थळ समिती
ट्रेसमॅलॉक (पायथनची मेमरी कोणत्या ओळीवर जाते ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं. मेमरीची वाढ सगळी सी++मधल्या शोधयंत्रात शीर्षकं भरतो त्या ओळीवर दिसते, आणि भरून झालं तरी ओसरत नाही. सी++ने घेतलेली मेमरी ट्रेसमॅलॉकला दिसत नाही, म्हणजे ही पायथनच्याच बाजूची. कुणाला कारण ठाऊक आहे का?

प्रेषक: युवा विभाग
पायथन आणि सी++ यांच्यातला पूल म्हणून पायबाइंड११ सोडून नॅनोबाइंड ही लायब्ररी घ्या. सी++ची एक वस्तू पायथनला दाखवणाऱ्या वेष्टनाला पायबाइंड११ ५६ बाइट घेतं, नॅनोबाइंड २४. गणपतीच्या वेळीच सांगितलं होतं.

प्रेषक: माजी संकेतस्थळ समिती
आकडे बरोबर, पण इथे गैरलागू. आपण वस्तू पाठवतच नाही, नुसत्या स्ट्रिंगा (मजकूर) पाठवतो. दोन्ही लायब्रऱ्या त्या पायथनच्या 'पाययुनिकोड_ॲजयूटीएफ८अँडसाइझ'कडूनच घेतात, आणि ते फंक्शन यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत लिहायची पद्धत) प्रत त्या स्ट्रिंगलाच चिकटवून ठेवतं. स्ट्रिंग जिवंत तोवर प्रतही जिवंत. आपली शीर्षकांची यादी तर दिवसभर जिवंत असते.

पायथन ३.१२वर 'देशपांडे' घ्या: ८ कोडपॉइंट (अक्षर, मात्रा, अनुस्वार सुटे मोजून), गेटसाइझऑफ (वस्तूचा आकार सांगणारं फंक्शन) ७४ बाइट सांगतं. एकदा पुलावरून पाठवा, तीच स्ट्रिंग ९९ होते. २४ बाइट यूटीएफ-८चे, १ शेवटच्या शून्याचा. प्रत्यक्षात त्या २५ला ३२चा तुकडा जातो, कारण पायथन १६च्या पटीत देतं.

उपाय एका ओळीचा: शीर्षक.एन्कोड() करून बाइट्स पाठवा. पायबाइंड११मध्ये स्टड::स्ट्रिंग (सी++ची स्ट्रिंग) घेणारं फंक्शन बाइट्स आहेत तसे घेतं, सी++ला हात लावायला नको. एन्कोड प्रत साठवत नाही. फक्त सगळी यादी एकदम एन्कोड करू नका, ५००-५००च्या तुकड्यांत करा; नाहीतर तेवढा वेळ मेमरी तशीच चढेल.

प्रेषक: खजिनदार
शीर्षकं रोमनमध्ये ठेवली तर? आस्कीला (साध्या रोमन अक्षरांना) ही दुसरी प्रत लागत नाही असं वाचलं.

प्रेषक: ग्रंथालय समिती
काका, आस्कीचं खरं आहे, पण सूची देवनागरीतच राहील. हे समितीच्या बैठकीत ठरलंय आणि तो विषय ग्रंथालयाचा आहे. त्यापेक्षा शीर्षकाच्या रकान्यात इमोजी टाकणं थांबवा. एक इमोजी आला की बहुतेक वेळा त्या स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षर २ऐवजी ४ बाइटांचं होतं. शेरे वेगळ्या रकान्यात लिहा.

प्रेषक: युवा विभाग
इमोजी आम्ही बालसाहित्यालाच लावतो, मुलांना पटकन सापडतं म्हणून.

प्रेषक: संकेतस्थळ समिती
बाइट्सचा बदल चाचणी सर्व्हरवर चढवला. शोधयंत्र स्ट्रिंग_व्ह्यू ठेवतं, ते चालेल ना?

प्रेषक: माजी संकेतस्थळ समिती
ताई, थांबा, ते मुळीच चालणार नाही! व्ह्यू फक्त पत्ता धरतो. एन्कोडचे बाइट्स कॉल संपताच जातात आणि व्ह्यू मोकळ्या जागेकडे बघत राहतो. आजवर चिकटलेल्या प्रतीमुळे ते निभावत होतं. साठवायचं तिथे स्टड::स्ट्रिंग करा. लिनक्सवर जीसीसीच्या लायब्ररीत १५ बाइटांपर्यंत, म्हणजे देवनागरीची ५ कोडपॉइंट, स्ट्रिंगच्या आतच मावतात: 'जोशी' मावतं, 'देशपांडे'ला हीप (बाहेरची वेगळी मेमरी) लागतो. तरी एकच प्रत उरते. आधी हा बदल, मग एन्कोड. उलट क्रमाने चढवू नका.