रिमिनीला बीच सोडून काय बघता येईल? (सासू-सासरे सोबत आहेत)

मालवाप्राची:
नमस्कार, मुलगी इटलीत बोलोन्याला शिकतेय, सप्टेंबरमधे आम्ही सगळे इंदूरहून तिच्याकडे चाललोय. दोन दिवस रिमिनीला जाऊ म्हणते, पण फोटोंत नुसत्या छत्र्या आणि आरामखुर्च्या दिसतात. सासरे ७४ वर्षांचे, रेतीत बसून काय करतील? जुनं काही आहे का तिथे? आणि आम्ही शाकाहारी, ते पण सांगा.

जुनी_इंदूर:
प्राचीताई, बीचवाली रिमिनी १८४३ ची, तेव्हा समुद्रस्नानाची पहिली सोय झाली, पण गाव रोमनांनी इ.स.पू. २६८ मधे वसवलंय, तेव्हाचं नाव आरिमिनुम. जागा काय पकडलीये बघा, समोर एड्रियाटिक समुद्र, मागे आपेनाइनचे डोंगर आणि उत्तरेला पो नदीचं मोठं मैदान इथूनच सुरू होतं, म्हणून रोमहून येणारा फ्लामिनिया रस्ता इथे संपतो आणि पुढचा एमिलिया इथून निघतो. एका टोकाला ऑगस्टसची कमान, इ.स.पू. २७ ची, दुसऱ्या टोकाला टायबेरियसचा पूल, इ.स. २१ मधे पुरा झालेला, पाच कमानींचा, पांढऱ्या दगडाचा. अगदी आत्ताआत्तापर्यंत त्याच्यावरून मोटारी जायच्या!! आता फक्त पायी. मी त्या कठड्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभा होतो, दगड उन्हाने गरम झालेला, जागेवरून हलवेना. कमान ते पूल सरळ रस्ता आहे, बाबांना घेऊन हळूहळू गेलात तरी अर्ध्या तासात होईल.

पोहेजिलेबी:
खाण्याचं मी सांगते. तिथली पियादिना म्हणजे तव्यावर भाजलेली पोळीच, पण पीठ मळताना डुकराची चरबी घालतात, त्यामुळे नुसतं व्हेज सांगून भागत नाही. 'कोन ओलियो' म्हणायचं, म्हणजे तेलातली देतात. आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोलाची पानं, आईंना नक्की आवडेल. समुद्र लांबपर्यंत उथळ आहे, पाय भिजवायला भीती नाही.

महूकर:
ताई, एक जागा सोडू नका. रिमिनीहून सान मारिनोच्या रस्त्यावर गुरखा वॉर सिमेट्री आहे. १९४४ च्या लढाईत आपली फौज त्या भागात होती, २१ सप्टेंबरला रिमिनी जर्मनांकडून सुटलं. तिथे सहाशेच्या वर कबरी आहेत आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक आहे. आणि रिमिनीच्या वायव्येला सेनियो नदी आहे ना, तिथे ९ एप्रिल १९४५ ला मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन चौक्या उडवल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. आपली पोरं कुठे कुठे जाऊन लढली हो, आणि आपल्या घरांत हे कोणी सांगत नाही.

मालवाप्राची:
सगळ्यांचे खूप आभार. महूकर दादा, तुमचं सासऱ्यांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्यांनी. आता म्हणतायत २१ तारखेलाच जाऊ, आधी सिमेट्री, मग पूल. तिथे जवळपास फुलं मिळतील का, की रिमिनीतूनच घेऊन जावी लागतील?