गाडी शिकण्याचा खर्च नक्की कुठे वाढतो? (गोव्यातल्या जाणकारांसाठी अनुभव धागा)

पर्वरीकर (धागाकर्ती): रात्री आठनंतर बसचा भरवसा नाही, पायलट (भाड्याची मोटारसायकल) सगळीकडे पोचत नाही. त्यामुळे गोव्यात गाडी येणं ही चैन नव्हे. पण शिकायचा खर्च दर वर्षी वर सरकतोय आणि घरोघरी वेगळाच आकडा ऐकू येतो. शिकवणाऱ्यांनी, मेकॅनिकनी, आरटीओची कागदपत्रं करणाऱ्यांनी इथे लिहावं. 'आमच्या वेळी' नको, हिशोब हवा. पैसे कुठे जातात, कुठे फुकट जातात, का जातात, एवढंच.

कागदपत्रवाला: सरकारी फी आधी मोकळी करू, कारण सगळा राग तिच्यावर निघतो आणि सगळ्यात लहान तीच आहे. २९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांतले दर एकदम चढले. लर्निंग लायसन ३० रुपयांचं १५० झालं, तेही वाहनाच्या प्रत्येक वर्गाला. त्याच्या परीक्षेचे ५०. पक्क्या लायसनच्या चाचणीचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसनचे २००. फक्त चारचाकी काढलीत तर ७०० होतात, कार्ड आणि टपालाचे वर.

इथे एक चूक फार होते. आधी दुचाकीचं लायसन काढतात, दोन-तीन वर्षांनी चारचाकी जोडतात. एकदम दोन्ही काढली तर दुसऱ्या वर्गाचे १५० आणि ३००, म्हणजे ४५० जादा पडतात. मागाहून जोडली तर हेच ४५० आणि शिवाय वर्ग वाढवण्याचे ५००.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. शिकवणी रेंगाळली आणि सहा महिने उलटले की फी पुन्हा पहिल्यापासून. चाचणीत नापास झालात तर सात दिवसांनी परत, प्रत्येक खेपेला ३००. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबायचं. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १ए. त्याखालच्यांना स्वतःचं घोषणापत्र पुरतं, त्यांनी उगाच डॉक्टरकडे पैसे घालू नयेत.

चौथा_गिअर: शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. नियमात हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास असं आहे. सगळी मेख 'प्रत्यक्ष' या शब्दात आहे.

समजा कोर्सचे ८,००० ठरले, अर्ध्या अर्ध्या तासाच्या २० फेऱ्या. कागदावर दहा तास झाले, तासाला ८०० पडले. पण गाडीत दोघं शिकाऊ असतील आणि पुढच्याला घरून उचलणं त्याच अर्ध्या तासात मोजलं जात असेल, तर हाती स्टिअरिंग अठरा मिनिटं उरतं. वीस फेऱ्यांचे सहा तास. आता तासाचा भाव १,३३३. तेव्हा कोर्सची किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: गाडीत एका वेळी किती शिकाऊ? आणि वेळ कुठून मोजता, दारातून की चालकाच्या सीटवर बसल्यापासून? शाळेने प्रत्येक शिकाऊचे चालवलेले तास नमुना १५ मध्ये नोंदवायचे असतात. ती नोंद रोज बघायला मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट गाडीतल्या डाव्या बाजूची. शाळेच्या गाडीला तिथे जादा क्लच आणि ब्रेक असतो. शिक्षक सवयीने क्लच सांभाळत राहतो, गाडी बंद पडत नाही, शिकाऊला वाटतं आपल्याला जमलं. मग घरची गाडी पहिल्याच चढावर तीनदा बंद पडते आणि जादा पाच फेऱ्यांचे पैसे भरावे लागतात. आठव्या-नवव्या फेरीनंतर शिक्षकाला सांगा, पूर्ण फेरीभर पाय मागे घ्या, ब्रेकचा प्रसंग आला तरच पुढे. तो दिवस कोर्समधला सगळ्यात उपयोगी.

शाळेचा खर्च वाढला नाही असंही नाही. शिकाऊ ताशी पंधराने चालतो. दहा तासांचे दीडशे किलोमीटर, लीटरमागे बारा धरले तर साडेबारा लीटर, आणि ९६ च्या भावाने १,२०० नुसतं पेट्रोल. २०१२ साली राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा लीटर पंचावन्नच्या आसपास होतं. जून २०२४ मध्ये तोच व्हॅट २१.५ टक्के झाला. शाळेच्या परवान्याची फीही २०१६ मध्ये २,५०० ची १०,००० झाली, पण ती पाच वर्षांची, शिकाऊमागे फार पडत नाही. खरा खर्च पेट्रोल, माणूस आणि क्लच.

मांडवीकाठ: पाय मागे घ्या म्हटलं की कुठला मास्तर ऐकतो, बाबा? पणजीच्या मार्केटात तर नाहीच.

चौथा_गिअर: मार्केटात सांगूच नका. रविवारी सकाळी वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये, जिथे जवळ पडेल तिथल्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते. रुंद, वळणं काटकोनात, ट्रक उभे. फेरीची जागा तुम्ही सुचवली तर बहुतेक मास्तर हो म्हणतात, त्यांनाही मार्केट नकोच असतं.

क्लचप्लेट: क्लचबद्दल मेकॅनिककडून. हाफ क्लच म्हणजे पेडल अर्धवट सोडून क्लचची प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनचं फिरतं चाक) एकमेकांवर घासत राहणं. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की मिनिटभरात जळका वास येतो. तो वास म्हणजे प्लेटचं अस्तर. दुसरी खोड म्हणजे चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणं. त्याने रिलीज बेअरिंग लवकर जातं, पेडल दाबलं की घर्र आवाज येतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलायचं, एकटी प्लेट टाकून मजुरी दोनदा देऊ नका. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पैसे तिथे जातात.

चढाचा सराव असा: हँडब्रेक पूर्ण वर, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा, इंजिनचा आवाज किंचित चढला पाहिजे. क्लच हळू सोडा. बॉनेटचं नाक वर उचललेलं दिसतं आणि आवाज जड होतो, तिथे पाय रोखा. आता हँडब्रेक खाली. गाडी मागे जायला हवी होती पण जात नाही, हे जाणवलं की क्लच उरलेला सोडा. पणजीतल्या आल्तिनोच्या चढासारख्या ठिकाणी एका फेरीत फक्त हेच वीसदा करा. लोक एकदा जमलं की पुढे जातात, तिथेच गाडं अडतं. त्याआधी सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला पाय न लावता निव्वळ क्लचवर गाडी सुटते का बघा, छोटी पेट्रोल गाडी सुटते.

पावतीपुस्तक: ड्रायव्हिंग स्कूलवर १८ टक्के जीएसटी आहे, पण वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली तरच. म्हणून दोन शाळांचे भाव जुळवताना 'कर धरून की वेगळा?' हे आधी विचारा. ८,००० चे ९,४४० होतात. कर घेतला तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. नसेल तर तो कर नव्हे.

घरच्या गाडीवर सराव करून तास वाचवायचे असतील तर विमा बघा. साध्या खासगी पॉलिसीत लर्निंगवाल्यालाही चालवायची मुभा असते, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला तर. म्हणजे शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', पाटी किमान १८ बाय १८ सेंटिमीटर, अक्षर १० सेंटिमीटर उंच. कागदावर पेनाने लिहिलेला एल चालत नाही. हे नसताना ठोकली तर दावा अडकतो. आणि काळ्या पाटीची भाड्याची गाडी सरावाला घेऊ नका, ती पक्कं लायसन असलेल्यासाठीच असते.

सत्तरीकर: रिव्हर्सचं कोणीच लिहिलं नाही. शाळेत तो शेवटच्या दोन फेऱ्यांवर ढकलतात, कारण मास्तरच्या डाव्या पेडलांनी स्टिअरिंग सांभाळता येत नाही. आणि गावात उपयोग त्याचाच: वाड्यावरच्या रस्त्यात समोरून गाडी आली की कोणीतरी मागे जायचंच. चिऱ्याच्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा आरशात दिसत नाही, मागचं बंपर तिथेच घासतं. आधी सरळ रेषेत तीस मीटर मागे, क्लच जवळजवळ पूर्ण दाबून मुंगीच्या वेगाने. मग एका बाजूला वळवून. पुढचं नाक उलट्या बाजूला फिरतं हे डोक्यात बसेपर्यंत पुढच्या कोपऱ्याकडेही बघा. आरटीओच्या चाचणीत अरुंद जागेत रिव्हर्स घेणं येतं, त्यामुळे ही फेरी वाचवणं म्हणजे ३०० रुपयांना आमंत्रण.

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की डिचोली-सत्तरीत खनिजाची लाल माती डांबरावर साबणासारखी होते. तेव्हा नवशिक्याने ब्रेक दाबून धरू नये, वेग आधीच कमी करावा, उतारावर दुसरा गिअर. पण पाऊस म्हणून शिकवणी थांबवू नका. काच धुरकट होणं, वायपर, रात्री समोरचे दिवे, हे पावसातच शिकता येतं, आणि लर्निंगचे सहा महिने कोणासाठी थांबत नाहीत.

फेरीबोट: फेरीबोटीत गाडी चढवायचं राहिलं. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि शेवाळी होतो, लोखंडी पत्र्यावर थांबलात तर चाक फिरतं. पहिल्या गिअरमध्ये न थांबता चढायचं, बोटीवर हँडब्रेक, इंजिन बंद, गिअर तसाच.

मांडवीकाठ: घरी ऑटोमॅटिक आहे. तिच्यावरच शिकलं तर स्वस्त पडेल का?

कागदपत्रवाला: लायसनचा वर्ग एकच, हलकं मोटार वाहन. गिअरची आणि बिनगिअरची असे वेगळे वर्ग चारचाकीत नाहीत, दुचाकीत आहेत. कायद्याला ऑटोमॅटिक चालतं.

चौथा_गिअर: क्लचवर जाणारे तास वाचतात, पण ऑटोमॅटिक गाडी शिकवायला फार थोड्या शाळा ठेवतात आणि तासाला जास्त घेतात. घरात पुढेमागे जुनी गाडी चालवावी लागणार असेल तर क्लचवरच शिका. ऑटोमॅटिक घेतलीच तर डावा पाय फूटरेस्टवर ठेवा आणि तिथून हलवू नका. दोन्ही पाय वापरणारा घाईत दोन्ही पेडलं एकदम दाबतो.