मदत हवी आहे: अलास्का क्रूझ संपल्यावर बंदरावरून एअरपोर्टला कसं जायचं? (अर्जंट)

निन्या_डॅलस
मंडळी, जरा घाईत लिहितोय. व्हँकुव्हर ते अँकरेज क्रूझ बुक केलीये, आई-बाबा सांगलीहून येताहेत. बोटीवरून उतरलो की एअरपोर्टला कसं जायचं एवढंच विचारायचंय. उबर मिळते का पोर्टवर? क्रूझवाले बस देताहेत पण माणशी वेगळे पैसे मागताहेत आणि लवकर ठरवा म्हणून रोज मेल टाकताहेत. कोणी नुकतं जाऊन आलं असेल तर पटकन सांगा. गूगल बघितलंय, लिंका नकोत.

मंदार_भटका
कोणतं बंदर?

निन्या_डॅलस
अँकरेज. लिहिलंय की वर.

मंदार_भटका
अहो एखाददुसरी सोडली तर क्रूझ अँकरेजला जातच नाहीत. तिकिटावर अँकरेज छापतात पण उतरवतात सीवर्डला नाहीतर व्हिटियरला. दोन्हीकडून अँकरेज लांब आहे आणि दोन्हीचे रस्ते, गाड्या, वेळा सगळं वेगळं. आधी ते बघून सांगा, मग बोलू.

स्वराली_ताई
आम्ही सीवर्डला उतरलो होतो, फार गोड गाव आहे! उतरल्यावर लगेच पळू नका असं माझं मत. बंदरापासून गावात जायला उन्हाळ्यात फुकट शटल असते, सीलाइफ सेंटर चालत बघण्यासारखं आहे, पफिन पक्षी अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. एक्झिट ग्लेशियर जवळच आहे, तिथे गाडीतून उतरून थोडं चाललं की बर्फ दिसतो. मग सीवर्ड हायवेने अँकरेज, साधारण २०० किलोमीटर, अडीच तास. न थांबता अडीच हं, पण न थांबणं शक्यच नाही इतकं सुंदर आहे. आम्ही गाडी भाड्याने घेतली होती आणि ह्यांनी दर दहा मिनिटांनी फोटोसाठी थांबवून माझं डोकं उठवलं होतं.

रेल्वेवेडा
सीवर्ड असो व्हिटियर असो, ट्रेन. दुसरं काही बघू नका. अलास्का रेलरोडची सीवर्ड लाइन मधल्या टप्प्यात हायवे सोडून डोंगरात शिरते, तिथून ग्लेशियर दिसतात ते रस्त्यावरून कुणाला दिसायचे नाहीत. बसने जाणारे काय मिस करतात ते त्यांनाच कळत नाही.

मंदार_भटका
रेल्वेवेडा, अर्धीच माहिती देऊ नका. सीवर्डहून रोजची ट्रेन संध्याकाळी ६ ला सुटते आणि सव्वादहाच्या आसपास अँकरेजला पोचते. बोट सकाळी रिकामी करतात. दिवसभर म्हाताऱ्या माणसांनी बॅगा घेऊन काय करायचं?

रेल्वेवेडा
क्रूझच्या दिवशी सकाळची खास ट्रेन असते, थेट एअरपोर्टच्या स्टेशनपर्यंत. अर्धी माहिती कोणाची ते बघा.

निन्या_डॅलस
तिकिटावर अँकरेज आणि पुढे कंसात व्हिटियर असं आहे. म्हणजे अँकरेजचाच भाग ना तो?

मंदार_भटका
नाही. ६० मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटर लांब आहे. आणि मधे बोगदा आहे.

स्वराली_ताई
अगं बाई व्हिटियर का! मग सीलाइफ सेंटर विसरा. पण जमलं तर सीवर्डची एक रात्र जोडा, खरंच.

घारू
व्हिटियर म्हणजे तेच ना, सगळं गाव एका बिल्डिंगमधे राहतं ते? बेगिच टॉवर्स! १४ मजली, १९५० च्या दशकात लष्कराने बांधली. पोस्ट, दुकान, सगळं आत. शाळेत जायला जमिनीखालून भुयार आहे, मुलं हिवाळ्यात बर्फात पाय न ठेवता शाळेत. गावाची वस्ती तीनशेच्या आतबाहेर. सोसायटीच्या मीटिंगला काय राडा होत असेल विचार करा, भांडण झालं तर जायचं कुठे!

चकलीभाजणी
पार्किंगवरून भांडण तिथेही असणार बघा

निन्या_डॅलस
विषयांतर नको प्लीज. उबर मिळते का?

मंदार_भटका
उबर-लिफ्ट अँकरेज शहरात आहेत. तीनशे माणसांच्या गावात उबर कोण चालवणार? अँकरेजहून रिकामी यायला कोणी तयार झालं तरी त्याच्या भरवशावर फ्लाइट ठेवू नका.

आता बोगद्याचं नीट वाचा, कारण सगळं त्यावर अडतं. गावात जमिनीवरून जायचा-यायचा तो एकच रस्ता. अडीच मैलांचा, एकच लेन, आणि त्याच लेनमधे रेल्वेचे रूळ. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने रेल्वेसाठी खोदला, गाड्यांना २००० साली खुला केला. त्यामुळे एका वेळी एकाच दिशेची वाहतूक. व्हिटियरमधून बाहेर पडायला दर तासाच्या ठोक्याला पंधरा मिनिटं उघडतात, आत यायला साडेच्या ठोक्याला. ९.१६ ला पोचलात तर १० पर्यंत रांगेत बसा. मधे ट्रेन आली तर आणखी थांबा. चालत किंवा सायकलने सोडत नाहीत. टोल फक्त आत येताना घेतात, बाहेर पडताना नाही.

तर बोट किती तारखेला लागते, फ्लाइट कितीची, माणसं किती, सामान किती?

निन्या_डॅलस
१० जून सकाळी उतरायचंय. फ्लाइट १२.५० ची. आम्ही दोघं, मुलगी, आई-बाबा. बॅगा असतील सात-आठ.

चकलीभाजणी
१२.५०??? दादा फ्लाइट चुकलीच समजा 😬

मंदार_भटका
जमू शकतं पण काठावर. स्वतःच्या बॅगा स्वतः घेऊन सगळ्यात आधी उतरणाऱ्यांत नाव घाला, आठच्या बोगद्यातून निघालात तर साडेनऊपर्यंत एअरपोर्ट. नऊचा मिळाला तरी चालेल. दहाचा मिळाला तर देव पाण्यात घाला.

आबासाहेब_७०
आई-वडिलांचा कॅनडाचा व्हिसा झाला का? आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाकडे अमेरिकेचा व्हिसा होता म्हणून ते निश्चिंत राहिले आणि व्हँकुव्हरचं विमानच चढू दिलं नाही. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा लागतो, अमेरिकेचा असला तरी. आणि अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरलाच बोटीवर चढायच्या आधी होतं, त्यामुळे त्या दिवशी बंदरावर लवकर जा. खाण्याचं सामान जाहीर करा, फळं नेऊ नका.

निन्या_डॅलस
काका व्हिसा झालाय. आणि फ्लाइट रात्री १२.५० ची आहे, दुपारची कोण घेईल.

मंदार_भटका
🤦 हे आधी सांगायचं ना राव. आता तिकीट उघडून तारीख बघा. रात्री १२.५० म्हणजे १० ची की ११ ची? १० ची असेल तर तुम्ही बोटीवर झोपलेले असताना ते विमान गेलेलं असेल.

निन्या_डॅलस
११ ची. तेवढं कळतं.

रेल्वेवेडा
मग प्रश्नच मिटला! ग्लेशियर डिस्कव्हरी ट्रेन. व्हिटियरहून संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुटते, सव्वानऊच्या आसपास अँकरेज. तिथून एअरपोर्टला उबर मिळेल, शहरातच आहे. फ्लाइटला भरपूर वेळ. जून आहे, उजेडाची काळजी नाही, सूर्यच साडेअकरानंतर मावळतो. दिवसभर प्रिन्स विल्यम साउंडमधे ग्लेशियरची बोट करा, दुपारी जाऊन ट्रेनच्या आत परत येतात.

मंदार_भटका
आठवडाभर बोटीवर राहून उतरले आणि लगेच पुन्हा बोट? आणि आठ बॅगा कुठे ठेवायच्या?

रेल्वेवेडा
ही छोटी बोट असते, ग्लेशियरच्या जवळ जाते. अनुभवच वेगळा. बॅगांचं रेल्वेला आणि बोटवाल्याला फोन करून विचारायचं, हे पण मीच सांगू का.

कोकणचा_खेकडा
व्हिटियरला पाऊस माहितीये का किती? वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या आंबोलीची आठवण येईल, फक्त भजी नाहीत आणि थंडी दुप्पट. जून त्यातल्या त्यात बरा महिना आहे पण तरी दिवसभर उघड्यावर काढायचा प्लान करू नका. छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगली रेनकोट-पँट घ्या.

स्वराली_ताई
बाबांचं वय काय? चालवतं का?

निन्या_डॅलस
बाबा ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हळूहळू चालतात. आईला गाडी लागते. बोटीचं पण टेन्शन आहेच.

स्वराली_ताई
मग रेल्वेवेडांची दिवसभराची बोट नको रे बाबा. ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागतेच असं नाही, पण क्रूझ मोठी असते, डुलते कमी. छोट्या बोटीवर परीक्षा कशाला. आल्याच्या वड्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी, दोन्ही जवळ ठेवा.

रेल्वेवेडा
गाडी लागणाऱ्यांसाठी तर ट्रेन उत्तम!! वळणं नाहीत, पेट्रोलचा वास नाही, उठून फिरता येतं. बसमधे आईंना उलटी झाली तर मंदाररावांना फोन करा.

मंदार_भटका
रस्ता तासाभराचा आहे आणि टर्नअगेन नावाच्या खाडीच्या कडेने समुद्रालगत जातो, घाट नाही. आंबेनळी समजू नका. पुढच्या सीटवर बसवा.

माझा सल्ला: क्रूझवाल्यांच्या ट्रान्सफरमधे एक असाही प्रकार असतो की सरळ एअरपोर्टला न नेता वाटेत वन्यप्राण्यांच्या केंद्रात वगैरे थांबवतात. बोगदा संपला की पुढे पोर्टेजजवळ अलास्का वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, अस्वलं, मूस, रानगवे कुंपणाआड पण मोकळ्यावर. बाबांना गाडीतून बरंचसं दिसेल. बॅगा बसच्या पोटात, उचलायची भानगड नाही. तुम्ही माणशी पैसे म्हणून कुरकुरताय पण पाच माणसांचा हिशोब गाडीशी लावून बघा, जूनमधे अलास्कात गाडीचं भाडं ऐकून घाम फुटतो. शिवाय व्हिटियरला घेऊन अँकरेजला सोडायची म्हणजे वेगळा चार्ज. आधी तिथे गाडी मिळतेय का ते विचारा. पाच जण आणि आठ बॅगा म्हणजे मिनीव्हॅनच लागणार.

घारू
क्रूझच्या नको असतील तर पार्क कनेक्शनच्या बस पण असतात अँकरेज, व्हिटियर, सीवर्ड, डेनाली वगैरे. भाव बघून घ्या.

कोकणचा_खेकडा
टर्नअगेनवर थांबलात तर ओहोटीला तो राखाडी गाळ वाळूसारखा दिसतो, मुलीला त्यावर अजिबात सोडू नका. हिमनद्यांचं बारीक पीठ आहे ते, पाय रुतला की निघत नाही आणि भरती फार वेगाने येते. तिकडे भरती-ओहोटीत ३० फुटांच्या आसपास फरक पडतो. माणसं गेलीयेत तिथे. रस्त्यावरून बघा, नशिबात असेल तर बेलुगा पॉइंटला भरतीची लाट भिंतीसारखी आत येताना दिसेल.

आणि गाडी चालवणार असाल तर त्या हायवेवर दिवसा पण हेडलाइट लावायचे. मागे पाच गाड्या साठल्या तर बाजूला घेऊन वाट द्यायची असा तिथला कायदाच आहे.

चकलीभाजणी
हा कायदा पुण्यात आणा हो कोणीतरी

आबासाहेब_७०
नॉर्दर्न लाइट्सची वेळ साधून जावे. आमच्या ग्रुपमधल्यांना ट्रोम्सोला फार सुंदर दिसले.

घारू
काका जूनमधे अंधारच होत नाही तिकडे, दिसणार कसे. आणि ट्रोम्सो नॉर्वेत.

आबासाहेब_७०
उत्तरेलाच आहे ना. ज्यांना पुढे जायचे त्यांच्यासाठी लिहिले.

निन्या_डॅलस
एक सांगा, बोट सरळ अँकरेजलाच का नेत नाहीत? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला.

मंदार_भटका
नकाशा बघा. अँकरेजला पोचायला अख्ख्या केनाई द्वीपकल्पाला वळसा घालून कुक इनलेटमधे शिरावं लागतं, त्यात बराच वेळ जातो, आणि भरती-ओहोटीचं खेकडाभाऊंनी सांगितलंच. व्हिटियर, सीवर्ड दोन्ही बर्फाने न गोठणारी खोल बंदरं. तासा-दोन तासाचा रस्ता स्वस्त पडतो त्यांना.

घारू
आणि व्हँकुव्हरहून का निघतात ते पण सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडता येत नाही. क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा झेंड्यांची. म्हणून सिएटलहून अलास्काला येऊन तिथेच उतरवायची सोय नाही, सिएटलच्या बोटी कॅनडात एक थांबा घेऊन सिएटललाच परत जातात. कोव्हिडमधे कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा २०२१ ला अमेरिकेला खास सूट द्यावी लागली.

आबासाहेब_७०
उत्तम माहिती घारू. म्हणजे माझा व्हिसाचा प्रश्न अस्थानी नव्हता.

निन्या_डॅलस
ओके. वाटेत थांबणारी क्रूझची बस घेतोय, बायकोनेही तेच सांगितलं. पण ती दुपारी तीनच्या आसपास एअरपोर्टला सोडणार. तिथून रात्री १२.५० पर्यंत काय?

मंदार_भटका
एअरलाइन इतक्या लवकर बॅगा घेणार नाही, काउंटरवर परत पाठवतात. त्यामुळे एअरपोर्टला उतरूच नका. डाउनटाउनला सोडणारी बस आहे का विचारा आणि एअरपोर्टच्या वाटेवर साधं हॉटेल एका रात्रीसाठी घ्या, झोपायचं नसलं तरी. बाबांना पाय लांब करता येतील, अंघोळी होतील, बॅगा सुरक्षित. रात्री दहाला हॉटेलची शटल आहे का ते बुकिंगच्या आधी बघा. जूनमधे अँकरेजची हॉटेलं महाग आहेत, आजच बघा.

रेल्वेवेडा
म्हणजे हॉटेलचे पण पैसे. ट्रेनने सव्वानऊला पोचून सरळ एअरपोर्टला गेला असतात. मी आपला सांगून ठेवतो.

स्वराली_ताई
हॉटेलच घे रे. आम्ही अँकरेज म्युझियम बघितलं होतं, बसायला भरपूर जागा आहे, बाबांना आवडेल. भारतीय जेवण मिळतं शहरात, आईंना आठवडाभरानंतर वरणभाताची आठवण झाली असेलच. क्रूझवर व्हेज आधी लिहून कळवलंत का? पहिल्याच रात्री वेटरला सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून वेगळं भारतीय करून देतात बऱ्याच बोटींवर.

निन्या_डॅलस
व्हेज कळवलंय. भडंग पण येतंय पाच किलो. हॉटेल बघतोय आत्ताच. मुलगी नऊ वर्षांची आहे, म्युझियममधे रमेल का?

स्वराली_ताई
खाली मुलांसाठी वेगळा विज्ञानाचा भाग आहे, हात लावून खेळायचा. तुम्हीच बाहेर काढताना थकाल.

चकलीभाजणी
भडंग जयसिंगपूरचं की सांगलीचं? इथे एक किलो कुरियर होईल का 😀