विषय: हिंजवडीचा दौरा आणि 60 दिवस (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
घर जर्मनीत ल्योराखला, नोकरी सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये बासेलला, 1 जूनपासून. ऑफिस सहा आठवडे हिंजवडीला पाठवतंय, त्याला जोडून गणपतीची रजा. ग्रे-1 (सीमापार नोकरदार जर्मनीत राहतो याचा दाखला) दिलाय, म्हणून सध्या स्विस कर 4.5 टक्केच कापतात. त्यासाठी कामामुळे घरी न परतलेले दिवस वर्षाला 60 च्या वर जायला नकोत. 60 च्या आतच आहे ना? एचआरला शुक्रवारी कळवायचंय.

> 60 च्या आतच आहे ना?
60 कुठले, 45. आमच्या ऑफिसात सगळ्यांना 45 च सांगतात.

दादा, 45 हे सँ-लुईकडच्यांचे, फ्रान्सच्या 1983 च्या कराराचे. ल्योराखला 1971 च्या जर्मन-स्विस कराराचं कलम 15अ लागतं.
पण ताई, तुम्हाला 60 मिळतच नाहीत. वर्षाच्या मध्ये रुजू झालं की पूर्ण महिन्याला 5 धरतात; जून ते डिसेंबर 35. सहा आठवड्यांचे सोमवार ते शुक्रवार 30. शनिवार-रविवार धरले तर 42, म्हणजे संपलंच. कंपनीने त्या दिवशी काम करायला सांगितलं नसेल तर ते सहसा धरत नाहीत, म्हणून एका शनिवारच्या रिलीजलाही हो म्हणण्याआधी हिशेब करा. रजेचे दिवस मोजत नाहीत. दौरा आणि रजा यांच्या तारखा कागदावर वेगळ्या हव्यात.
36 वा दिवस भरला की नुसता तो दिवस जात नाही, जूनपासूनचा सीमापार दर्जाच जातो. कंपनी ग्रे-3 (घरी न परतलेल्या दिवसांचा दाखला) भरते आणि पूर्ण स्विस कर कापते. स्वित्झर्लंडमधल्या दिवसांचा पगार जर्मनीत करमुक्त होतो, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर ठरवताना धरतात. पुण्यातल्या दिवसांवर कर जर्मनीतच.

पुण्याहून लिहितोय. भारताची बाजू कुणीच घेतली नाही. भारत-जर्मनी करारात भारतातल्या करातून सूट मिळायला 183 दिवसांची मर्यादा आहे, पण आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तुमचे 35 डिसेंबरला संपणार. दोन तक्ते ठेवा. शिवाय नुसते दिवस पुरत नाहीत: त्या सहा आठवड्यांच्या पगाराचा खर्च हिंजवडीच्या कंपनीवर टाकला तर सूट जाते. हे एचआरला नाही, फायनान्सला विचारा.

काका, बरोबर. ताई, ग्रे-1 या कॅलेंडर वर्षापुरताच, जानेवारीत ग्रे-2 (त्याच दाखल्याची मुदतवाढ). आणि 4.5 टक्के म्हणजे कर फिटला असं नाही, ते जर्मन करातून वजा होतात. बाकीचे हप्ते 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. पहिल्या वर्षी मागची थकबाकी आणि हप्ता एकदम येतात, पैसे बाजूला ठेवा.
फराळाच्या ऑर्डरी या धाग्यात टाकू नका, यादी माझ्याकडे आहे.
– कोषाध्यक्ष

शनिवार कामाचे नाहीत हे मेलवर मागते. पण रविवारी रात्रीचं विमान असेल तर तो रविवार धरतात का?