मदत हवी आहे: १९५८ च्या मॉरिस मायनरला जुळणारा इग्निशन स्विच (गोवा)

नमस्कार मंडळी,

फोंड्याला आमच्या घरी १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आहे. ९४८ सीसी इंजिन, बारा व्होल्ट, ल्युकस या ब्रिटिश कंपनीचं वायरिंग, आणि पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं). पोर्तुगीज अमदानीत आजोबांनी घेतली, मग बाबांनी सांभाळली, आता माझ्याकडे आहे. रविवारी म्हार्दोळ किंवा मंगेशीपर्यंत एक फेरी होते. उगाच शोभेला ठेवलेली नाही, चालती गाडी आहे.

यंदाच्या पावसाळ्यापासून एक त्रास सुरू झालाय. चावी फिरवली की चार्जिंगचा लाल दिवा कधी लख्ख लागतो, कधी मिणमिणतो. रस्त्यावर खड्डा आला की गाडी मिसिंग मारते. फर्मागुडीच्या चढावर तर ती चक्क बंद पडली. चावी हाताने थोडी डावीकडे दाबून धरली की पुन्हा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या विजेच्या पंपाची टिकटिक सुरू होते आणि गाडी चालू होते. पॉइंट, कंडेन्सर, प्लग सगळं तपासून घेतलंय, त्यात काही नाही. माझा सगळा संशय स्विचवर आहे.

आमचे मेस्त गाडीचं इंजिन उत्तम जाणतात, पण वायरिंगसाठी त्यांनी ज्या इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं त्याने स्विच बघितल्या बघितल्या सांगितलं, "हा कुठे मिळणार आता? मारुतीचा टाकतो." मारुतीचा स्विच स्टिअरिंगच्या दांड्यावर बसतो, त्याला स्टिअरिंग लॉक असतं. तो मायनरच्या मधल्या पॅनेलवर बसवायचा तर भोक मोठं करायचं, मागून पट्टी मारायची. पॅनेलला मी कुणाला हात लावू देणार नाही. एकदा पत्रा कापला की तो परत येत नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते. गाडी मूळ रूपात असावी ही त्यातली अट चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांबद्दल आहे, स्विचचा तिच्याशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती नोंदणी करायची इच्छा आहे, म्हणून गाडी होईल तेवढी जशी होती तशीच ठेवायची आहे.

दुसरी अडचण चावीची. आमच्या गाडीत दार आणि इग्निशन एकाच चावीवर चालतात. नवा स्विच आला की नवी चावी आली. आईच्या देवघरातल्या खुंटीला गेली कित्येक वर्षं एकच चावी लटकते, ती तशीच राहिली तर बरं वाटेल.

तर जाणकारांना विचारायचं आहे ते असं. हा स्विच आपल्याकडे कुठल्या गाडीत लागायचा? हिंदुस्तान मोटर्सने सुरुवातीला मायनरच 'बेबी हिंदुस्तान' नावाने बांधली होती, आणि ॲम्बेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सिरीजवरून आली. म्हणजे जुन्या ॲम्बेसिडरचा ल्युकसचा स्विच चालण्यासारखा आहे का? लक्षात घ्या, माझ्या स्विचला स्टार्टची जागाच नाही. सेल्फ मारायला 'एस' लिहिलेली वेगळी खुंटी ओढावी लागते. चावीला फक्त बंद आणि चालू. आणि कुणी तरी सांगितलं की पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला स्विचही तसाच लागतो. हे खरं का?

— धागाकर्ता

प्रतिसाद (बेळगावहून)

आधी स्विचच दोषी आहे हे पक्कं करा, मग पैसे घाला. मायनरच्या इग्निशन स्विचमधून बाहेर पडणारी पांढरी तार कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), गाडीतल्या पेट्रोल पंपाला, लाल दिव्याला आणि फ्यूजबॉक्सच्या ए३ टर्मिनलला जाते. ए४ वरून हिरव्या तारेने वायपर, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा. म्हणजे खड्ड्यात गाडी मिसिंग मारताना लाल दिवा, पंप आणि पेट्रोलचा काटा तिघेही एकदम डगमगत असतील तर दोष स्विचमध्ये किंवा त्याला येणाऱ्या तारेत. फक्त गाडी मिसिंग मारते आणि बाकी ठीक असेल तर कॉइलच्या बाजूला शोधा.

मल्टिमीटर असेल तर असं करा. चावी चालू करून वायपर लावा आणि कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा, म्हणजे स्विचमधून खरा करंट वाहील. इंजिन बंद असताना पॉइंट उघडे राहिले असतील तर कॉइलमधून काहीच वाहत नाही, मग मोजमाप फसवं येतं. आता मीटरच्या दोन्ही टोकांनी स्विचच्या दोन टर्मिनलमधला फरक मोजा. ०.२ व्होल्टच्या आत असला तर स्विच चांगला. एक-दीड व्होल्ट दाखवला तर आतला कॉन्टॅक्ट जळलाय.

स्विच वगळून तार डायरेक्ट करून बघायचं असेल तर दोन मिनिटांपुरतंच. स्विचवर येणारी तपकिरी तार (तिच्यात निळा धागा असतो, पण तुमच्या कापडी वायरिंगवर तो आता दिसेल याची खात्री नाही) फ्यूजशिवाय थेट येते. ती बॉडीला लागली की तारच पेटते.

प्रतिसाद (म्हापशाहून)

पॉझिटिव्ह अर्थचा स्विच अशी वेगळी वस्तू नसते. आत पितळेची पट्टी दोन टोकं जोडते आणि सोडते. करंट कुठून कुठे जातो याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे आकार आणि टर्मिनल जुळले की कुठलाही चालेल. पॉझिटिव्ह अर्थ आठवण ठेवावी लागते ती दोन ठिकाणी. काम सुरू करताना बॅटरीची अर्थची तार आधी काढायची, आणि तुमच्या गाडीत ती पॉझिटिव्ह आहे. सवयीने निगेटिव्ह काढणारे इलेक्ट्रिशियन मी पाहिलेत, आणि पाना बॉडीला टेकला की काय होतं तेही पाहिलंय. दुसरं, कुणी रिले (स्विचवरचा भार स्वतःवर घेणारा विजेचा स्विच) टाकायचा सल्ला दिला तर आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले नको, तो उलटा बसेल.

खरं तर रिलेची गरजच नाही. या गाडीत हेडलाइट इग्निशन स्विचमधून जात नाहीत. कॉइल साधारण चार अँपिअर घेते, पंप आणि वायपर थोडं. एवढ्याने स्विच जळत नाही. तो खराब होतो आपल्या हवेने. माझ्या घरापासून समुद्र जवळ आहे, पितळेवर हिरवी बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

इलेक्ट्रिशियनला मारुतीऐवजी ट्रॅक्टरचा पॅनेलवर बसणारा स्विच दाखवायला सांगा. तोही समोरून नटाने आवळला जातो. त्याला स्टार्टचं टर्मिनल असेल तर ते रिकामं सोडून टेप मारा. भोक आणि आट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या, दुकानात अंदाजाने घेऊ नका. दिसायला मात्र तो मायनरसारखा नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं. वायपर आणि ब्रेक लाइट चालू ठेवून फरक १.६ व्होल्ट आला, आणि चावी डावीकडे दाबली की तो ०.३ वर उतरला. लाल दिवा आणि पंपही बरोबरच डगमगतात. म्हणजे दोष स्विचचाच.

बॅटरीची पॉझिटिव्ह तार आधी सोडून स्विच बाहेर काढला. मागे ल्युकसचं नाव आणि '३ ५८' असा शिक्का आहे. हा महिना आणि सालच ना? तसं असेल तर स्विच गाडीबरोबरच आलेला आहे, आणि आता तो फेकायला माझं मन अजिबात तयार नाही. उघडता येतो का?

प्रतिसाद (बेळगावहून)

हो, ल्युकस आपल्या पार्टवर महिना आणि साल ठोकत असे. मार्च १९५८. जपून ठेवण्यासारखा आहे.

बाजूच्या भिंतीत एक बारीक भोक दिसेल. चावी घालून थोडी फिरवा आणि त्या भोकातून सायकलच्या स्पोकचं टोक आत दाबा. आतली खिट्टी दबली की कुलूपाचा गाभा चावीसकट पुढे ओढता येतो. म्हणजे चावीचा प्रश्न सुटला. पुढे नवा स्विच घ्यावा लागला तरी, गाभ्याचा आकार तोच असला तर, जुना गाभा त्यात बसवता येईल. मागची बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) चकती पत्र्याच्या कानांनी दाबलेली असते. ते कान एकदम सरळ करू नका, जुना पत्रा तुटतो. थोडे थोडे उचला. आतली स्प्रिंग उडते, तेव्हा काम पांढऱ्या कापडावर करा.

पितळेची टोकं ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पट्टी वाकून सैल झाली असेल तर किंचित उचलून द्या. पट्टीत खड्डे पडले असतील तर घासून भागणार नाही, नवी करून घ्यावी लागेल. कुलुपात तेल घालू नका, धूळ धरते. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरे. बाहेरच्या टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ हात द्या, पावसाळ्यासाठी.

धागाकर्ता

गाभा सुटला, चावी वाचली. आई फार खूश आहे. पट्टीच्या एका टोकाला मात्र खोल खड्डा आहे, आणि मागच्या चकतीला तडा गेलाय. पट्टी कुर्टीच्या लेथवाल्याकडून पितळेची करून घेईन. चकतीचं काय करायचं ते कळत नाही. तोवर म्हापसेकरांनी सांगितलेला ट्रॅक्टरचा स्विच पॅनेलच्या मागे पट्टीला लटकवून तात्पुरता जोडलाय. भोक कापलेलं नाही. वायपर लावून फरक ०.१ येतो आणि काल फर्मागुडीचा चढ तिने एकदाही न अडखळता चढला.

तेव्हा आता मागणी एवढीच. जुन्या ॲम्बेसिडरचा, तिच्या आधीच्या लँडमास्टर गाडीचा किंवा कुठल्याही ल्युकस वायरिंगच्या गाडीचा मेलेला स्विच कुणाकडे पडला असेल, तर त्याची मागची बॅकेलाइटची चकती मला हवी आहे. आतलं बाकी काही नको. कुलूप नसलं, चावी नसली तरी चालेल. चकतीचा व्यास मोजून फोटोसकट व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बेळगाव, कोल्हापूर किंवा सावंतवाडीपर्यंत मी स्वतः येऊन घेईन.