'सूक्ष्मप्लास्टिक' की 'प्लास्टिकची कणी'?

खणभागवाली:
भाचीच्या प्रकल्पवहीवर शीर्षक आहे, 'गोड्या पाण्याच्या सरोवरांतील सूक्ष्मप्लास्टिक'. प्रकल्प आमच्या सांगलीतल्या काळ्या खणीवर! खणीला सरोवर म्हणायचं? आणि ५ मिलिमीटरपर्यंतचा तुकडा मायक्रोप्लास्टिकमध्ये धरतात. तुरीच्या दाण्याएवढं झालं ते. सूक्ष्म कसं?

माणदेशी:
सरोवर लोणारला शोभतं. आमच्याकडं तळं, तलाव, फार तर पाझर तलाव. खण म्हणजे खणून राहिलेला खड्डा, स्त्रीलिंगी. (पुल्लिंगी खण चोळीचा.) 'गोड्या पाण्याच्या' तर काढूनच टाका, तळं म्हटलं की पाणी गोडंच.

कासचा वारा:
ते बिरूद समुद्रामुळे चिकटलंय. २००४ साली सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधानंतर मायक्रोप्लास्टिक हा शब्द रुळला. तो निबंध समुद्रातल्या प्लास्टिकवर होता. नद्या-तळ्यांकडे लक्ष मागाहून गेलं.
'सूक्ष्म'वर एवढं कशाला अडता? सूक्ष्म सिंचन म्हणतोच की. ठिबकची नळी काय भिंगातून बघतो?

विटेकर:
मला 'कणी' आवडेल. तांदूळ सडताना फुटतो त्याची कणी होते, तसंच हे. आमच्या बांधावर गेल्या साली ढोबळीला अंथरलेला मल्चिंग पेपर (नावाला पेपर, असतं ते पातळ प्लास्टिक) पडून आहे. उचलायला गेलं की चिमटीतच चुरा होतो, उन्हानं पार कडक झालाय. पावसात तो ओढ्यातून तळ्यात जाणारच. प्लास्टिकचा कच्चा माल कारखान्यातून गोळ्यांच्या रूपात येतो त्याला बाजारात 'दाणा' म्हणतातच. म्हणजे मुळातला बारीक तो दाणा, फुटून झालेली ती कणी. पॉलिस्टरचे कपडे धुताना सुटणारे धागे मात्र दोन्हींत बसत नाहीत. त्यांना 'लव' म्हणावं का?

खणभागवाली:
लव छान! वहीत पुढं 'प्लास्टिकचे विघटन होऊन सूक्ष्मप्लास्टिक तयार होते' असंही आहे. मला खटकलं. विघटन म्हटलं की पालापाचोळ्यासारखं कुजून माती झाली असं वाटतं.

माणदेशी:
बरोबर खटकलं. हे कुजत नाही, फुटतं. 'प्लास्टिक फुटून बारीक होते' लिहा, विघटन खोडा.

कासचा वारा:
शीर्षकात सूक्ष्मप्लास्टिकच ठेवा, गुण जायला नकोत. आत कणी चालेल. अनेकवचन काय करणार?

विटेकर:
कण्या केलंत तर लोक ताक शोधतील. एकवचनच बरं.